पांढऱ्या ताऱ्यासाठी अर्ज

अर्जदार : मी, खाली सही करणारी, व्यवसाय अर्जलेखन, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

प्रति : शनिवारची बैठक, चर्चच्या आवारातील जुन्या बालवाडीचा व्हरांडा.

विरुद्ध पक्ष : कोणी नाही.

कालावधी : जानेवारीचा पहिला शनिवार ते नाताळच्या आधीचा शनिवार, अशी कित्येक वर्षे.

साक्षीदार : एक, सेवानिवृत्त परिचारिका, जिला आम्ही सर्व जणी सिस्टर म्हणतो. दोन, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातील वहिनी. तीन, माझ्या सासूबाई. चार, सदर आवाराचे लोखंडी गेट.

विषय : माझ्या यजमानांच्या नावे एक पांढरा तारा मिळण्याबाबत.

माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. नाव लिहिले की चौकशी सुरू होते, आणि या प्रकरणात चौकशी करण्यासारखा कोणाचाही दोष नाही, हे मी प्रारंभीच नमूद करते.

अर्जदाराने आधी आपली ओळख द्यावी, हा माझ्या वडिलांचा शिरस्ता. त्यांचे टेबल कचेरीच्या भिंतीलगत लिंबाच्या सावलीत होते. आज त्याच ठिकाणी माझे आहे. शिक्षण नववीपर्यंत. तथापि रेशनकार्डातील चुकीपासून वारसनोंदीपर्यंत कोणताही मजकूर माझ्याकडून लिहून नेलेला माणूस खिडकीवरून परत आल्याचे सहसा घडत नाही. कारकून कागद हातात घेताच म्हणतात, "हा बाईंचा दिसतोय." आता पुष्कळ लोक संगणकावरून छापील अर्ज आणतात. त्यांत ओळी सरळ असतात, पण विनंती कुठे सुरू होते ते सापडत नाही.

सिस्टर प्रथम माझ्या टेबलाशी आल्या त्या चर्चसमोरील रस्त्याच्या दिव्यासाठी. त्या मूळच्या करकंबकडच्या. सारी नोकरी शहरात करूनही बोलणे तिकडचेच राहिले आहे. मी अर्ज लिहून वाचून दाखवला. त्यांनी मजकूर ऐकलाच नाही, कागद डोळ्यांजवळ धरून अक्षर पाहत राहिल्या.

"बारीक हाय, पण एकबी अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडंना," त्या म्हणाल्या. "सुई धरतीस का?"

"मला अर्जाचे काम असते," मी म्हणाले.

"शनिवारी दुपारी कचेरी बंद असती की. ये."

मी गेले. लग्नाआधी मी मॅटीवर, म्हणजे समान भोके असलेल्या जाड सुती कापडावर, एक तोरण भरले होते. तेवढ्या अनुभवावर मी स्वतःला जाणकार समजत होते. व्हरांड्यात चटईवर चौघी-पाच जणी बसल्या होत्या आणि जानेवारी महिन्यात, नाताळ नुकताच सरलेला असताना, पुढच्या नाताळच्या झाडासाठी तारे, घंटा, मेंढरे आणि देवदूत भरायला घेत होत्या. मी विचारले, "इतक्या लवकर?" त्यावर वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "लवकर कुटं? उशीर झालाय, बसा."

येथे कामाची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण माझी विनंती तिच्यावर आधारलेली आहे.

फुलीचा टाका म्हणजे दोन तिरक्या रेघा. एक खाली, एक वरून. वरची रेघ सगळीकडे एकाच दिशेने झुकली पाहिजे. एकही उलटी पडली तर उजेडात तेवढाच ठिपका वेगळा चमकतो. दोरा सहा पदरी मिळतो, त्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे. गाठ मारायची नाही. टोक मागच्या टाक्यांखाली सरकवून दडवायचे, म्हणजे पाठही पोटासारखीच स्वच्छ राहते. झाडावर लटकणाऱ्या वस्तूची पाठ कोण पाहणार, असे मी पहिल्याच दिवशी विचारले होते. शिवाय ती मागून कापड लावून बंदच होते. सिस्टर म्हणाल्या, "आपण बघितलीय की." त्या उत्तराने माझे समाधान झाले नव्हते. पुढे कधी झाले ते सांगता येणार नाही, पण आता मी अर्जाची कार्बनप्रतसुद्धा मूळ प्रतीइतकीच नीट लिहिते.

नक्षी काढण्याचे काम वहिनींचे. त्यांच्या घरी चादरीचे माग होते, सासरे चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवत. तोच चौकटीचा कागद आणि तीच पेन्सिल वहिनींनी पुढे चालवली. कुणीतरी परदेशातून आलेले एक नक्षीपुस्तक दिले होते. त्यात मेंढपाळ झगा घालून उभा होता आणि मेंढरू कापसाच्या गोळ्यासारखे होते. सिस्टर म्हणाल्या, "ह्ये मेंढरू कुटलं? असलं मी जन्मात न्हाय बघितलं." तेव्हा वहिनींनी मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडे टाकले, मेंढराचे कान लांब केले, नाक फुगीर काढले आणि काळा दोरा घेतला. गव्हाणीतल्या बाळाशेजारी आमच्याकडचे काळे मेंढरू उभे राहिले. त्या वर्षी देवळात लोक तेवढ्यासाठी झाडाभोवती रेंगाळले, हे मी स्वतः पाहिले आहे. ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनागृहालाही देऊळच म्हणतात, हे मला तिथेच कळले.

मे महिन्याचे वर्णन केल्याखेरीज या बायांची थोरवी कळायची नाही. सोलापूरचा मे. पत्र्यावरून झळ उतरते, पंखा गरम हवाच फिरवतो, आणि वीज गेली की तोही थांबतो. हाताचा घाम पांढऱ्या मॅटीला लागू नये म्हणून आम्ही बोटांना पावडर लावून बसतो. आणि भरत काय असतो, तर बर्फ! घराच्या छपरावर बर्फ, घंटेवर बर्फ. वहिनी एकदा म्हणाल्या, "दुपारधरनं बर्फ टाकतीय, पण गार म्हणून लागंना बघा."

"मेणबत्ती घे मग," सिस्टर म्हणाल्या, "म्हंजे तरी खरं वाटंल."

हसता हसता माझी सुई हातातून निसटली. पण त्या दुपारी कोणी लवकर उठले नाही. मी अनेक कचेऱ्या पाहिल्या आहेत. मार्चअखेरीचे काम मार्चच्या शेवटच्या दिवशी होते, हा सर्वत्र नियम. सात महिन्यांनंतर येणाऱ्या एका रात्रीसाठी उन्हाळ्यात घाम पुसत बसलेली माणसे मी अन्यत्र पाहिली नाहीत.

आता पांढऱ्या ताऱ्याची हकीकत.

झाड म्हणजे सुरूची एक भली मोठी फांदी, मुरुमाने भरलेल्या पिंपात उभी केलेली. रंगीत नग बाहेरच्या डहाळ्यांवर लागतात. आत, बुंध्याच्या जवळ, काही पांढरे तारे असतात. पांढऱ्या मॅटीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेले. दुरून ते दिसत नाहीत. जवळ जाऊन फांदी बाजूला केली तरच दिसतात. त्या वर्षात ज्या घरातले माणूस गेले, त्या घरासाठी तो तारा.

पांढऱ्यावर पांढरे भरणे अत्यंत जिकिरीचे. भोके दिसत नाहीत, घातलेला टाका दिसत नाही. त्यासाठी सिस्टर मांडीवर गडद रंगाची चादर पसरतात, म्हणजे खालच्या काळोखामुळे भोके उमटतात. एक तारा एकीने भरायचा नसतो. प्रत्येकीने त्यात आपली एक ओळ घालायची. आणि ज्या घरासाठी तो आहे त्या घरच्या बाईने त्यात टाका घालायचा नाही. तिने फक्त सुईत दोरा ओवून द्यायचा.

आणखी एक नियम आहे, जो या अर्जाचे कारण ठरला. पांढरा तारा मागितल्याशिवाय करायचा नाही.

मी बैठकीत नवी असताना विचारले होते, "मागायची वेळ का आणावी? ज्यांच्या घरी दुःख झाले ते आपल्याला ठाऊकच असते."

सिस्टरनी हातातला दोरा सोडवून संपवला. मग म्हणाल्या, "एका पोरीचं बाळ गेलं हुतं. आमी शाणपणा केला, न विचारता तारा केला, तिच्या हातात दिला. ती पुन्ना आवारात आलीच न्हाय. तिला अजून ते बाळ गेलंय असं म्हणायचं नव्हतं, आन् आमी कापडावर लिहून दिलं. तवापासनं ठरलं. तोंडानं मागितलं, म्हंजे माणूस तयार झालं."

मी तेव्हा मान डोलावली. नियम योग्य वाटला. नियम योग्य आहे असे दुसऱ्याच्या बाबतीत मला नेहमीच चटकन पटते.

माझे यजमान टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. दर शनिवारी संध्याकाळी ते स्कूटरवरून मला न्यायला येत आणि आवाराच्या गेटाबाहेर उभे राहत. आत कधी आले नाहीत. "बायकांच्या बैठकीत माझं काय काम?" म्हणत. हॉर्न वाजवणे त्यांना असभ्य वाटे, म्हणून गेटाची कडी हलकेच वाजवत आणि विचारत, "काय साहेब, झाल्या का फुल्या?" घरी आणि दारी ते मला साहेबच म्हणत. वहिनी आतून ओरडत, "न्हाय झाल्या! उद्या या!" त्यावर ते खरेच स्कूटर वळवल्याचे नाटक करत. हे दर शनिवारी होई आणि दर शनिवारी सगळ्या हसत.

एकदा नग लटकवायला दोरा पुरेना. बाजारातला चकचकीत दोरा सिस्टरना पसंत नव्हता. तो घसरतो आणि गाठ सुटते. यजमानांनी गेटाबाहेरून ते ऐकले. पुढच्या शनिवारी कारखान्यात विचारून उरलेल्या पांढऱ्या सुताची एक मोठी लड त्यांनी आणली आणि गेटाच्या गजातून आत दिली. वहिनींनी त्याला पीळ देऊन पाहिला, ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "आता झाड पडंल, पण तारा न्हाय पडायचा." तेव्हापासून दर वर्षी सूत त्यांचे. त्या झाडावरचा प्रत्येक देवदूत, प्रत्येक काळे मेंढरू त्यांनी आणलेल्या सुताला लटकते. स्वतः त्यांनी ते झाड कधी पाहिले नाही. "तू बघितलंस म्हंजे झालं," असे त्यांचे म्हणणे.

या वर्षी पावसाळ्यात ते गेले. कामावरून आले, पाणी मागितले, मी पाणी आणेपर्यंत भिंतीला टेकून बसले होते. त्याहून अधिक लिहिणे आवश्यक नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी बैठकीला गेले नाही. दुपारी दाराशी चपलांचा आवाज झाला. सिस्टर, वहिनी आणि बाकीच्या दोघी आल्या. पिशवीतून त्यांनी आपापली भरतकामाची रिंग आणि कापड काढले, भिंतीशी बसल्या आणि भरू लागल्या. सांत्वनाला आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली होती. ती बोलून बोलून दमवत. या बायांनी काय झाले, कसे झाले, एक शब्द विचारला नाही. सासूबाईंना वाटले, या कामाच्या बाया चुकून आपल्या घरी आल्या. मग त्यांनीच सगळ्यांना चहा केला. पुढचे कित्येक शनिवार बैठक आमच्या शुक्रवार पेठेतल्या माजघरात भरली. दिवाळीनंतर मी स्वतः उठून व्हरांड्यात गेले, तेव्हा चटईवर माझी जागा तशीच मोकळी ठेवलेली होती.

ताऱ्याचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही. माझी समजूत अशी, की इतक्या वर्षांची मी सभासद, सूत आमच्या घरचे; तारा होईलच. मागणे हे माझे काम नव्हे. मी मागणाऱ्यांसाठी लिहिते. टेबलापलीकडे उभे राहून हात जोडणारी माणसे वेगळी, असे मी आयुष्यभर मानत आले.

गेल्या पंधरवड्यात सिस्टरनी मांडीवर गडद चादर पसरली आणि या वर्षीचे पांढरे कापड कापले. ज्यांनी मागितले होते त्यांचे तुकडे एकेका घराचे नाव घेत चटईवर मांडले गेले. मी प्रत्येक तुकड्याकडे पाहिले. आमच्या घराचा त्यात नव्हता.

माझ्या मनात आले, आम्ही ख्रिस्ती नाही म्हणून असेल. लिंगायताचे माणूस, त्याला पुरले ते आमच्या रीतीने. या झाडावर त्याला जागा कशी मिळणार? वहिनींना मी आडून विचारले, "नियमात कोणत्या घरांचा समावेश होतो?"

वहिनी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "माझ्या सासऱ्याचा तारा तितंच हाय की! आमी कुटलं ख्रिश्चन? मी मागितला, झाला."

म्हणजे अडथळा धर्माचा नव्हता. परवा शुक्रवारी मी घरी विषय काढला, कारण घरच्यांची संमती असल्याशिवाय अर्ज करणे मला मान्य नाही. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दादाचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लागला, सगळे विधी झाले. आता झाडाला काय टांगायचं ऱ्हायलंय? आन् ते पण दुसऱ्यांच्या?"

"ज्या झाडाला तुमच्या दादांचं सूत बांधतात, त्या झाडाला," मी म्हणाले.

"लोक काय म्हणतील?"

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना मराठी सगळे कळते, पण मनातले बोलायचे झाले की त्या कन्नडवर येतात. त्यांनी विचारले, तो त्या बायकांकडे जायचा तेव्हा कुठे थांबायचा? मी सांगितले, गेटाबाहेर. पावसात? पावसातही. त्यांनी शेंगांचे सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, "ओळग करी अवन्न." त्याला आत बोलव. दुसऱ्या दिवशी दिरांनी, मी न विचारता, मला स्कूटरवरून आवारापर्यंत सोडले.

तो कालचा शनिवार. मी ठरवून गेले होते, की चटईवर बसताच मागायचे. वाक्यही तयार होते. मी बसले, दोरा सोडवला, आणि तयार वाक्य तसेच राहिले. शेकडो लोकांच्या वतीने "सविनय विनंती की" लिहिणारा माझा हात मांडीवर नुसता पडून होता. पांढरे तारे एका हातातून दुसऱ्या हातात जात होते; प्रत्येक जणी आपली ओळ घालून पुढे देत होती. माझ्या हातात आला की मीही घालत होते. वरची रेघ एकाच दिशेने.

निघण्याच्या वेळेस सिस्टरनी चष्मा काढून पुसला. "काय मागायचं असंल तर माग की गं," त्या म्हणाल्या. "आमी कवाधरनं थांबलोय."

मी तोंड उघडले. आवाज आला नाही. वहिनींनी कापड डोळ्यांसमोर धरले, जणू टाके तपासत आहेत.

"बरं, तोंडानं येत न्हाय," सिस्टर म्हणाल्या, "तर लिहून आण. साऱ्या गावाचं लिहितीस. येक तुझं लिही."

"नियम तोंडाने मागण्याचा आहे," मी कसेबसे म्हणाले.

"नियम आमीच केलाय न्हवं? तू वाचून दाखव. त्येबी तोंडच."

तेवढ्यात गेटाची कडी वाजली. आम्ही सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिले. दीर न्यायला आले होते. "झाल्या का फुल्या?" असे त्यांनी विचारले नाही, त्यांना ते ठाऊक नाही. वहिनींनी मात्र सवयीने ओरडायला तोंड उघडले होते, ते मी पाहिले. आणि मग त्यांनी ते मिटले, पदर तोंडाला लावला, आणि आम्ही दोघी पहिल्यांदाच एकमेकींसमोर रडलो.

वरील सर्व हकीकत मी स्वतःच्या हाताने, कोणाच्या दबावाखाली न येता लिहिली असून ती खरी आहे.

तरी बैठकीस नम्र विनंती अशी की :

माझे यजमान या वर्षी निधन पावले. हे वाक्य मी आज प्रथमच स्वतःच्या घराबद्दल लिहीत आहे. त्यांच्या नावे एक पांढरा तारा भरण्यात यावा आणि तो झाडाच्या आतल्या बाजूस, बुंध्यालगत लावण्यात यावा. तो त्यांनीच आणलेल्या सुताला बांधावा. लडीत अद्याप पुरेसे सूत शिल्लक आहे. त्यांनी अनेक वर्षे गेटाबाहेर उभे राहून वाट पाहिली आहे, सबब त्यांना आत घेण्यास अधिक विलंब होऊ नये. नाताळच्या दिवशी ते पाहण्यास माझ्या सासूबाई व दीर यांनाही आत येण्याची परवानगी असावी.

नियमाप्रमाणे मी त्यात टाका घालणार नाही. सुई सोबत आणली आहे. दोन पदर सोडवून दोरा ओवून ठेवला आहे. गाठ मारलेली नाही.

हा अर्ज येत्या शनिवारी मी उभी राहून वाचेन. वाचता वाचता थांबले तर पुढचा भाग वहिनींनी वाचावा, ही उपविनंती. उत्तर लेखी नको. सिस्टरनी गडद चादर मांडीवर घेऊन सुईसाठी हात पुढे केला, तरी मला ते पोहोचेल. उत्तराची वाट पाहत आहे.

अर्जदार,
स्वतःसाठी